डोंगराहून जुनी नदी

काकांकडे राहायला आले त्याच आठवड्यात आमचं पहिलं भांडण झालं. भांडण आठ मिलिमीटरवरून होतं.

काका उठावाचे नकाशे करतात. लाकडाचे, हात फिरवला की डोंगर तळव्याला लागेल आणि दरीत बोट उतरेल असे. एखाद्या शाळेच्या जिन्यात किंवा धरणाच्या कचेरीत काचेखाली पडून असलेला असा नकाशा तुम्ही पाहिला असेल. हल्ली हे सगळं यंत्रावर कोरून मिळतं, त्यामुळे काकांकडे येणारं काम जवळजवळ थांबलं होतं. मी भूशास्त्राची पदवी घेऊन नोकरी शोधत होते, मला राहायला जागा हवी होती आणि काकांना नकाशा वाचू शकेल असं माणूस हवं होतं. बाबांनी फोनवर दोन मिनिटांत सगळं जमवून टाकलं.

काम एका संग्रहालयाचं होतं. दृष्टी नसलेल्या लोकांना हाताने पाहता येईल अशी एक अख्खी पर्वतरांग त्यांना हवी होती. रांग मोठी, ताणलेल्या धनुष्यासारखी वाकलेली, लांबी चोवीसशे किलोमीटर. एका किलोमीटरला एक मिलिमीटर धरला तर नकाशा जवळजवळ अडीच मीटर लांब होणार होता. म्हणजे एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाला हात पोचायला दोन पावलं सरकावं लागेल. इथपर्यंत आमचं एकमत होतं. मग मी उंची काढली. सर्वांत उंच शिखर आठ किलोमीटरच्या थोडं वर. त्याच मापाने आठ मिलिमीटर.

"आठ काय?" काकांनी विचारलं.

"मिलिमीटर."

काकांनी स्वतःच्या करंगळीच्या नखाकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या टेबलावर एवढंसं? लोक म्हणतील, डोंगर अजून यायचाय, आधी चादर अंथरून ठेवलीय."

"पण खरं तेच आहे, काका. पृथ्वीच्या मानाने डोंगर म्हणजे सुरकुती."

"सुरकुती बघायला तिकीट काढून कोण येणार? उंची पाचपट घ्यायची."

"ते खोटं होईल."

"हाताला कळेल एवढं खोटं चालतं. डोळ्यांना सावलीवरून तरी उंची कळते. हाताला सावली कुठे असते?"

मी हरले, पण एक अट घालून. उंची पाचपट, ते शेजारी पाटीवर ठिपक्यांच्या लिपीत स्पष्ट लिहायचं. आणि रुंदीला हात लावायचा नाही. जे जिथे आहे आणि जेवढं रुंद आहे, तेवढंच राहील. काकांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून मला 'मिलिमीटर' म्हणायला लागले. "मिलिमीटर, चहा झालाय." "मिलिमीटर, दिवा बंद कर."

कामाची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. प्रत्येक रेषेबरहुकूम प्लायवूडचा एक पातळ तक्ता कापायचा, तक्त्यावर तक्ता चिकटवायचा आणि शिकंज्यात आवळून ठेवायचा. आमचा एक तक्ता म्हणजे दोनशे मीटर चढ. असा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर तयार झाला की पटाशी, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन त्या पायऱ्या मोडायच्या. शेवटी भेगा बुजवायच्या. लाकूड सुकताना अंग चोरतं आणि जागोजागी चिरतं. त्या चिरांमध्ये लांबी भरतात, भिंत रंगवण्याआधी भरतात तीच. भेग कुठली आणि दरी कुठली हे ओळखायचा काकांचा एक नियम होता, त्यांच्या वस्तादांकडून आलेला: नख अडकलं तर भेग, बोट उतरलं तर दरी. शेवटच्या दिवशी ते डोळे मिटून अख्ख्या नकाशावरून अंगठा फिरवायचे आणि नख अडकेल तिथे लांबी भरत जायचे. डोळे उघडे ठेवले तर रंग फसवतात, म्हणायचे.

कारखाना तळमजल्यावर आणि घर वर. वर काकू असायची. तिने आयुष्यभर शिवणकाम केलं, अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या यंत्राखालून गेले असतील. गेल्या तीन-चार वर्षांत तिची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं, आता दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. ती याबद्दल फार बोलत नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी जवळ बोलावून बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही बाही शिवली त्याला सांग, दुसरा धंदा बघ."

तिला आणि काकांना ती पर्वतरांग बघायला जायचं होतं. लग्न झाल्यापासून. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी घाईचं काम, कधी आजारपण, एका वर्षी छपरानेच दगा दिला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेकडो डोंगर केले त्याने खरा बर्फाचा डोंगर एकदाही पाहिला नव्हता, आणि आता पाहिला असता तरी काकूला दाखवता आला नसता. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, शिकंजा आवळता आवळता, माझ्याकडे न बघता.

"तिला तिथे न्यायचं राहून गेलं. आता हेच. हे नीट झालं पाहिजे, मिलिमीटर. संग्रहालयाचं नंतर."

म्हणूनच नकाशा पूर्ण होईपर्यंत काकूला खाली यायला बंदी होती. अर्धवट डोंगर दाखवायचा नाही, हे काकांचं म्हणणं. काकू वरून ओरडून विचारायची, "अहो, कुठवर आला?" आणि काका खालून सांगायचे, "पाच हजार मीटर." "मग जरा दमाने घ्या. वर हवा विरळ असते म्हणतात."

एका दुपारी खाली करवत चालू होती आणि मी वर चहा प्यायला गेले होते, तेव्हा काकूने मला विचारलं, "खरं सांग, पलीकडे काय आहे?"

"कशाच्या?"

"डोंगराच्या. तुझे काका इतकी वर्षं मला अलीकडची बाजू सांगतायत. जंगल, झरे, बर्फ, शिखरं. सगळ्या चित्रांतही हीच बाजू असायची. त्या रांगेला पाठ असेल की नाही?"

मी तिला सांगितलं. समुद्रावरून येणारे ढग रांगेला थडकतात आणि सगळं पाणी अलीकडेच सांडून रिकामे होतात, त्यामुळे पलीकडे पाऊस जवळजवळ नाहीच. पलीकडे उतार नाही, उंच पठार आहे, आपल्या इकडच्या बहुतेक डोंगरांच्या माथ्याहून उंच. कोरडं, वाऱ्याचं, मधूनमधून खाऱ्या पाण्याची तळी. एवढी उंच जमीन आणि तिच्या दगडात समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे सापडतात, कारण ती जमीन कधीकाळी समुद्राचा तळ होती.

काकू म्हणाली, "मला तिकडे जायचंय. शिखरं नकोत. माझ्या गुडघ्यांना जिना पुरे आहे. पलीकडे जायला सपाटीची वाट नाही का?"

"खिंडी आहेत, पण त्या फार उंच. एक नदी मात्र आहे. ती पलीकडच्या पठारावर उगम पावते आणि सगळ्यांत उंच शिखरांच्या मधून आरपार अलीकडे येते."

"मग ठरलं. मी नदीकाठाने जाणार."

त्या नदीनेच माझे पंधरवडाभर हाल केले होते. तिची घळ इतकी अरुंद की आमच्या मापाने जेमतेम दोन मिलिमीटर. दोन्ही बाजूंना सात-आठ हजार मीटरची शिखरं आणि मध्ये ही फट. प्रत्येक तक्त्यात ती वेगळी कापावी लागली, सर्वांत बारीक पात्याने, आणि पाती काडीसारखी मोडत होती. सगळे तक्ते एकमेकांवर बसल्यावर मी त्या फटीत विजेरीचा उजेड सोडला आणि तो पलीकडे निघालेला पाहिला. काका तेव्हा धनुष्याच्या दुसऱ्या टोकाला हिमनद्या घासत बसले होते. हिमनद्या हाताला वेगळ्या कळाव्यात म्हणून त्यांनी त्या काचेसारख्या गुळगुळीत केल्या, जंगलांवर लाकडाचा भुसा चिकटवला आणि पलीकडच्या पठारावर बारीक रेती. ही कल्पना त्यांचीच होती.

मग मला मुलाखतीसाठी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. परतले तो रविवार होता. सोमवारी सकाळी संग्रहालयाची गाडी नकाशा न्यायला येणार होती. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर टेबलावर पूर्ण झालेली रांग होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी, वॉर्निशने चमकणारी. खरोखर सुंदर होती. काकांनी दाढी केली होती आणि धुतलेला शर्ट घातला होता.

"बरी आलीस. तिला आणायला वरच निघालो होतो," ते म्हणाले.

काकू जिना उतरून आली, एक हात कठड्यावर आणि दुसरा काकांच्या खांद्यावर. टेबलाशी आल्यावर तिने बांगड्या मनगटावर मागे सारल्या, जसं ती यंत्रावर बसताना करायची.

"दुरून डोंगर साजरे म्हणतात," ती म्हणाली. "मला मेलीला दुरून बघायची सोयच नाही. कुठून सुरू करू?"

काकांनी तिची बोटं अलीकडच्या मैदानावर ठेवली. मैदान रुंद आणि सपाट होतं. तिने तळहात हळू पुढे सरकवला, पहिला उंचवटा लागला तेव्हा थांबली.

"ही पायथ्याची टेकाडं," काका म्हणाले. "डोंगर उतरताना नद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि गोटे, तेच पुढे उचलले गेले." हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं, पण असं सांगत होते जणू लहानपणापासून ठाऊक आहे.

"मग परत खाली. मग परत वर." तिची बोटं आता दुसऱ्या रांगेवर होती. "हे सगळं एकाला एक लागून आहे. चुण्या आहेत. टेबलावर कापड ठेवून एका बाजूने ढकललं की पडतात तशा."

"काकू, अगदी हेच झालंय," मी म्हणाले. "एक जमीन दुसऱ्या जमिनीला ढकलतेय. अजून ढकलतेय. त्यामुळे रांग अजूनही वाढतेय, वर्षाला काही मिलिमीटर."

"म्हणजे तुझ्याच मापाने चाललंय."

काका हसले. त्यांचा एक हात टेबलाच्या कडेवर होता आणि त्याचं एक बोट सारखं कडेवर वाजत होतं. काकूने जंगलाच्या भुशावरून बोट ओढलं आणि "इथे ओलं असणार," म्हणाली. गुळगुळीत हिमनदी लागल्यावर तिने बोट उचलून तोंडाजवळ नेलं आणि फुंकर घातली, थंडी वाजल्यासारखी. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी मान फिरवून खिडकीकडे पाहिलं.

मग ती म्हणाली, "आता मला माझी नदी दाखवा."

काकांना कुठली नदी ते कळलं नाही. मीच तिचं बोट मैदानातल्या नदीच्या खोबणीत ठेवलं. ती उलट्या दिशेने, उगमाकडे निघाली. पायथ्याची टेकाडं ओलांडली, मधल्या रांगेतून दोन वळणं घेतली. दोन्ही बाजूंचे काठ उंच होत गेले, खोबण अरुंद होत गेली. तिने बोट आडवं केलं, मग नुसतं टोक ठेवलं. आणि मोठ्या शिखरांच्या बरोबर मध्ये ते थांबलं.

तिने पुन्हा मागे येऊन पुन्हा तिथवर नेलं. पुन्हा थांबलं.

"वाट संपली," ती म्हणाली.

"तिथे नदीचा उगम असेल," काका म्हणाले. "बर्फातून निघते."

"पण इथे बर्फ नाही. गुळगुळीत लागत नाही." तिने दुसरा हात शिखरांवरून पलीकडे नेला, रेती लावलेल्या पठारावर, आणि चाचपडत तिथली खोबण शोधून काढली. ती खोबण उताराने तिला परत रांगेकडे घेऊन आली आणि तीही त्याच भिंतीला येऊन अडली. आता काकूची दोन बोटं समोरासमोर होती, मध्ये अंगठ्याच्या रुंदीएवढा डोंगर. "अहो, हे पाणी डोंगराकडे वाहतंय. इथे येऊन ते जातं कुठे? इथे काहीतरी पाणी मुरतंय. बाही जोडली आणि बाहीचं तोंडच शिवून टाकलं, असं झालंय हे."

मी वाकून पाहिलं. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर वॉर्निश. नजरेला काहीच दिसत नव्हतं. मी नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. फट नव्हती. तिथे लांबी होती, उत्तम घासलेली, एकजीव.

नख अडकलं तर भेग.

काय झालं ते मला तेव्हाच समजलं, आणि काकांना समजलेलं नाही हेही समजलं. ते काकूकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पोराने पाढा अडखळत म्हटल्यावर बापाचा होतो तसा झाला होता, फक्त पोर कोण आणि बाप कोण ते सांगता आलं नसतं. गप्प बसणं सोपं होतं. गाडी सकाळी येणार होती. संग्रहालयात येणाऱ्या शंभरातल्या एकानेही दोन मिलिमीटरची नदी शोधली नसती.

"रस्ता बंद असेल तर बंद म्हणून सांगा," काकू शांतपणे म्हणाली. "मी परत फिरते. पण आहे तसं सांगा."

"बंद नाहीये," मी म्हणाले. "काका, तिथे घळ होती. मी कापली होती. तुम्ही ती बुजवलीत."

काका ताडकन म्हणाले, "ती भेग होती. वरपासून खालपर्यंत सरळ गेलेली भेग. माझं नख अडकलं."

"बोट उतरणार नाही इतकी ती नदी अरुंद आहे."

"अगं, नदी डोंगरातून निघते. डोंगरात शिरत नाही. एवढं तर पहिलीतलं पोर सांगेल. समोर आठ हजार मीटरची भिंत असताना पाणी काय चढून येणार आहे?"

"डोंगर आधी होता की नदी?"

"हा काय प्रश्न झाला? डोंगर."

"नदी आधी होती, काका."

पुस्तकातलं वाक्य मला येत होतं, पण त्याचा इथे उपयोग नव्हता. मी भिंतीवरची बारीक पात्याची करवत काढली आणि त्यांच्या हातात दिली. "ही चालवत राहा. पण खाली दाबायची नाही. हात याच उंचीवर ठेवा." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण करवत हवेत पुढेमागे चालवायला लागले. मी प्लायवूडचा एक तुकडा खालून धरला आणि हळूहळू वर उचलत पात्याला भिडवला. भुसा पडायला लागला. मी तुकडा वर उचलत राहिले.

"पातं खाली गेलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग चीर कशी पडतेय?"

काकांचा हात थांबला. त्यांनी करवतीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रांगेकडे पाहिलं. "लाकूड वर येतंय," ते म्हणाले.

"आणि पातं?"

"पातं पहिल्यापासून तिथेच आहे."

"नदी तशीच. ती सपाट जमिनीवरून वाहत होती. जमीन तिच्याखालून वर यायला लागली, वर्षाला काही मिलिमीटर. नदी दर वर्षी तेवढंच कापत राहिली. डोंगर तिच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला."

"मिलिमीटराने मिलिमीटर," काकू म्हणाली.

काका स्टुलावर बसले. करवत अजून हातातच होती. ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "आयुष्यभर नखाने बघत आलो. अशा किती नद्या बुजवल्या असतील मी? त्या शाळांमधल्या पोरांनी बोट नेलं असेल आणि परत आणलं असेल."

खरोखर किती ते मोजता येण्यासारखं नव्हतं, आणि तसे नकाशे आता कुठे आहेत हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"मी काल रात्री अंगठा फिरवला तेव्हा सगळं एकसारखं लागलं," ते काकूला म्हणाले. "म्हटलं, तुला कुठे काही खुपायला नको."

"मला न खुपणारा डोंगर कशाला हवाय? उशी घेऊन बसले असते की."

काका उठले. त्यांनी खिडकीजवळचा दिवा ओढून घेतला, शिखरांच्या दोन्ही बाजूंना फडक्याच्या घड्या ठेवून हलके शिकंजे लावले. वॉर्निश सुकून कडक झालं होतं. पातं जरा तिरपं गेलं तर तक्ते सुटून एक अख्खं शिखर निघून आलं असतं, आणि ते परत करायला वेळ नव्हता. मी उंचीच्या रेषांच्या कागदी नकाशावर बोट ठेवून वळण सांगत होते, ते कापत होते. "जरा डावीकडे. आता सरळ. इथे ती पुन्हा वळते." काकू पाठीशी उभी राहून पात्याचा आवाज ऐकत होती. एकदा ती म्हणाली, "आता आवाज बदलला, लाकूड लागलं," आणि खरंच पातं लांबी सोडून तक्त्याच्या कडेला लागलं होतं. काकांनी हात मागे घेतला, कपाळ पुसलं आणि नदीत परत आले.

लांबी पांढऱ्या पिठासारखी बाहेर पडत होती. शेवटी पातं दुसऱ्या बाजूने निघालं. काकांनी फुंकर मारली, घळीच्या कडा पॉलिश पेपरच्या बारीक सुरळीने घासल्या, तळाला ब्रशाने वॉर्निश लावलं आणि पंखा त्यावर धरून ठेवला. ते सुकेपर्यंत संध्याकाळ होत आली. काकू हलली नाही. तिने चहाही उभ्याउभ्याच घेतला.

"ये आता," काका म्हणाले.

तिचं बोट मैदानातून निघालं, टेकाडं ओलांडली, दोन वळणं घेतली आणि घळीच्या तोंडाशी पोचलं. इथे फट होती. तिने नख घातलं, ते गेलं. बोट घातलं, ते गेलं नाही.

हे होणार हे मला गणिताने ठाऊक होतं. तरी प्रत्यक्ष पाहताना मला ते सोसलं नाही. "काका, थोडी रुंद करूया," मी म्हणाले. "फक्त इथे. दहा-बारा मिलिमीटर. पाटीवर लिहू हवं तर."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "रुंदीला हात लावायचा नाही. ठरलंय आपलं. आणि बारा मिलिमीटर केली तर दोन शिखरं जातील. नदीला वाट द्यायला डोंगर पाडू?"

"राहू दे गं," काकू म्हणाली. तिचा आवाज काही वाईट वाटल्यासारखा नव्हता, ती विचार करत होती. "माणूस जाईल एवढी ती नाहीच, तर नाही. मला जाता येत नाही, तर तिकडचं काही इकडे येतं का बघा. नदीच आहे ना ती? मग पाणी सोडा."

काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वॉर्निश होतं, थोड्या पाण्याने काही बिघडणार नव्हतं. काकांनी चमचा आणला. काकूने बोटाचं टोक घळीच्या अलीकडच्या तोंडाशी, नदीच्या पात्रात ठेवलं. काका टेबलाला वळसा घालून पठाराच्या बाजूला गेले आणि त्यांनी चमचाभर पाणी रेतीमधल्या खोबणीत हळूच ओतलं.

पाणी उताराने घळीपर्यंत आलं आणि तोंडाशी थांबलं. फुगून थेंब झालं, गोल, चकचकीत, आणि तिथेच बसलं. काकांनी अजून थोडं ओतलं. थेंब मोठा झाला, आत काही शिरेना.

"आलं नाही," काकू म्हणाली.

"येणार नाही," मी म्हणाले. "नदीला लहान करता येतं, पाण्याला करता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. खऱ्या नदीत तो जाणवत नाही, पण दोन मिलिमीटरच्या फटीत आणि वर वॉर्निश असताना..."

"म्हणजे तेलकट ताटावर पाणी मोत्यासारखं बसतं तसं?"

"तसंच."

"मग एवढं व्याख्यान कशाला? भांड्याचा साबण घाल त्यात."

मी मोरीतून साबण आणला. काकांनी चमच्यात पाणी घेतलं, मी त्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि काडीने ढवळलं. काका पुन्हा पठाराच्या बाजूला वाकले. त्यांनी चमच्याचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. साबणाचं पाणी त्या फुगलेल्या थेंबाला लागलं आणि थेंब एकदम बसला, पसरला, घळीच्या तोंडातून आत ओढला गेला. मग काही दिसलं नाही. दोन्ही बाजूंना उंच शिखरं होती आणि पाणी त्यांच्या मध्ये, खाली, अंधारात होतं.

मला वाटलं, आत कुठे तरी लांबीचा कण राहिला असेल.

काकूच्या भुवया आधी हलल्या.

"आलं," ती म्हणाली.

तिच्या बोटाच्या टोकाशी पाण्याची बारीक रेघ येऊन थांबली होती. मग ती बोटाला वळसा घालून पुढे गेली, दोन वळणं उतरली, मैदानाकडे निघाली. काकू बोट तसंच धरून उभी होती.

"गार आहे," ती म्हणाली. मग तिने बोट नाकाजवळ नेलं. "खारी तळी आहेत म्हणाली होतीस. साबण पिकतो हे नव्हतं सांगितलंस."

काका वळसा घालून अलीकडे आले, मैदानातलं पाणी फडक्याने टिपून घेतलं, आणि पुन्हा वळसा घालून पलीकडे गेले. काकूने बोट परत नदीत ठेवलं. काकांनी दुसरा चमचा भरला.